सहावा दात आणि १६२ दिवस

१५ जानेवारी २०२५, किंक्रांत. सणाच्या दुसऱ्या दिवशी दात दाखवायला कोण येतंय, म्हणून ओपीडी जवळजवळ रिकामी होती. साडेदहाच्या सुमाराला आशाताई एका मुलीला आणि तिच्या आजीला घेऊन आल्या. मुलगी साडेसात वर्षांची, जिल्हा परिषद शाळेत दुसरीत, वजन १९ किलो. उजवा गाल टम्म सुजलेला, त्यावर हळद-चुन्याचा वाळून तडकलेला लेप, अंगात १०१ ताप. आजीच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यात रेशनकार्ड, आधारकार्ड आणि चार घड्या घातलेली एक चिठ्ठी. शाळेच्या आरोग्य तपासणीत मिळालेल्या त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘दातांना कीड, पुढील उपचारासाठी ग्रामीण रुग्णालय’. तारीख ६ ऑगस्ट २०२४.

मी दिवस मोजले. १६२.

केसपेपरवर पूर्वइतिहास लिहिताना मी सवयीने दोन शब्द लिहिले, ‘पालकांचे दुर्लक्ष’. हे दोन शब्द मला त्याच दिवशी दुपारी खोडावे लागले. मुलीचं नाव, गाव आणि आमच्या रुग्णालयाचं नाव इथे देत नाही. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातलं गाव आहे आणि आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात, एवढं पुरे.

तोंडात काय दिसलं

आधी सूज. लहान मुलाच्या गालावरची सूज पाहिली की पहिला प्रश्न दाताचा नसतो, श्वासाचा असतो. तोंड नीट उघडतंय का, गिळता येतंय का, जिभेखालचा भाग वर उचललाय का, सूज जबड्याच्या कडेखाली मानेत उतरली आहे का. यातलं काहीही असतं तर मी खुर्चीत न बसवता थेट जिल्ह्याला पाठवलं असतं. नव्हतं. सूज गालापुरती होती, हिरडीशी एक पिवळसर फोड होता आणि मुलगी पाणी पीत होती.

‘दुखतं का गं?’
‘न्हाई.’

आजी मध्येच म्हणाली, ‘न्हाई कसं? रातच्याला उठून बसती, गालाला हात लावून.’

मुलं खोटं बोलत नाहीत, पण महिनोन्‌महिने दुखणाऱ्या दाताबरोबर जगायला शिकतात, आणि मग ‘दुखतं का’ या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही. म्हणून मी वेगळं विचारते. ‘काल तिळगूळ कुठल्या बाजूने खाल्लास?’ तिने डाव्या गालावर बोट ठेवलं. आरसा आत घातल्यावर तेच दिसलं. डावीकडचे दात घासून निघाल्यासारखे स्वच्छ आणि उजवीकडच्या दातांवर वरपासून खालपर्यंत पिवळट, मऊ थर. ज्या बाजूने माणूस चावत नाही त्या बाजूला हा थर साचतो. त्याची जाडी पाहून सांगता येतं की उजवी बाजू बंद होऊन काही आठवडे नाही, काही महिने झाले होते.

पाच दात किडलेले होते. वरच्या दुधाच्या दोन दाढा आणि डावीकडची खालची एक दाढ मध्यम. उजवीकडची खालची दुधाची दुसरी दाढ मुळांपर्यंत कुजलेली, पू तिच्यातूनच आलेला. आणि तिच्या लगेच मागे, तिला खेटून, पाचवा दात. या प्रकरणाचं खरं दुखणं तोच.

तो सहावा दात. दातांच्या मध्यरेषेपासून एकेक मोजत मागे गेलं की सहाव्या क्रमांकाला येणारी ही पहिली कायमची दाढ. वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास ती उगवते, तीही कुठलाही दुधाचा दात न पाडता, सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे, रिकाम्या जागेत. पुढचा दात हलतो, पडतो, पत्र्यावर फेकला जातो, त्याच्या जागी नवा येतो, तेव्हा घरात त्याची बातमी होते. हिची बातमी होत नाही. उगवायला सुरुवात झाल्यापासून समोरच्या दाढेला टेकेपर्यंत तिला वर्षभर लागू शकतं, आणि तेवढा काळ ती शेजारच्या दातांपेक्षा खाली असते. ब्रश फिरतो तो तिच्या डोक्यावरून. वरच्या खाचा खोल, मुलामा अजून कोवळा, आणि शेजारी कुजलेली दुधाची दाढ असेल तर पुढची भिंतही तिच्या संसर्गात. म्हणजे तोंडातली सगळ्यांत जास्त वर्षं कामाला येणारी दाढ सगळ्यांत गुपचूप येते आणि बऱ्याचदा सगळ्यांत आधी जाते.

आजीला हे सांगायला गेले तर ती ठामपणे म्हणाली, ‘दुधाचीच हाय ती, बाई. पडंल की आपसूक. चार पडल्यात, म्याच फेकल्यात पत्र्यावर.’

तिचा हिशोब चुकीचा होता, पण अडाणी नव्हता. सात वर्षांच्या मुलीचे दात पडतात, चार पडले, उरलेलेही पडतील, मग पडणाऱ्या दातासाठी दिवस मोडायचा कशाला? मी तिच्या हातात आरसा दिला आणि नातीच्या तोंडात मधल्या दातापासून मोजायला लावलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. ‘या सहाव्याच्या आधी तिथे कुठला दात पडला होता का?’ आजी थांबली. ‘न्हाई.’ मग तिला स्वतःच्या तोंडात मोजायला सांगितलं. खाली उजवीकडे पाचानंतर खड्डा होता. डावीकडेही खड्डा. आजी हसली आणि पदर तोंडाला लावला. ‘ह्या तर माझ्या पोरवयातच काढल्या.’

चिठ्ठीचा प्रवास

शाळेत येऊन तपासणारी गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. या योजनेचं उद्घाटन महाराष्ट्रातच, पालघरला झालं, फेब्रुवारी २०१३ मध्ये. पथकात दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका. अंगणवाड्या वर्षातून दोनदा, शाळा एकदा. हृदयाचं छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडे पाय या पथकांनी शोधून काढले आणि त्या मुलांच्या शस्त्रक्रियाही झाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण कार्डावर सर्वांत जास्त वेळा टिक होते ती दातांच्या रकान्यावर, आणि जे सगळ्यांनाच आहे त्यामागे कोण धावणार? २००२-०३ च्या राष्ट्रीय मुखआरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या ५१.९ टक्के मुलांच्या दातांना कीड आढळली होती, बाराव्या वर्षी ५३.८ टक्के. दर दुसऱ्या मुलाला चिठ्ठी द्यायची म्हटली की ती हँडबिलासारखी वाटली जाते.

ही चिठ्ठी शाळेतून घरी गेली त्या आठवड्यात आई खुरपणीला जात होती. इथपर्यंत मला अंदाजाने ठाऊक होतं. पुढचं मी गृहीत धरलं होतं की आईने चिठ्ठी फळीवर टाकली, दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघून गेली, आणि सूज आल्यावर आजीला ती सापडली.

दुपारी आईला फोन लावला. ती सांगली जिल्ह्यात एका उसाच्या फडात होती. मागे मोळ्या बांधण्याचा आवाज आणि कुणाचं तरी ओरडणं. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं असणार, की ऑगस्टमध्ये चिठ्ठी दिली होती, आणलं का नाही?

‘आणलं व्हतं की, मॅडम. दोनदा.’

मी केसपेपरांचा गठ्ठा काढायला लावला. अर्ध्या तासाने शिपायाने सप्टेंबरचा एक कागद आणून दिला. १० सप्टेंबर, मंगळवार. मुलीचं नाव, वय, वजन आणि खाली काहीच नाही. मला तो आठवडा आठवला. खुर्चीचा कॉम्प्रेसर बंद पडला होता, दुरुस्तीवाला येईपर्यंत मी फक्त गोळ्या लिहून देत होते, आणि ज्यांना सूज वा ताप नाही त्यांना दारातूनच ‘पुढच्या मंगळवारी या’ सांगितलं जात होतं. पुढचा मंगळवार १७ सप्टेंबर. मराठवाड्यातल्या कुणालाही ही तारीख सांगावी लागत नाही. मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, त्या वर्षी वर अनंत चतुर्दशीही. आई आली तेव्हा दाताच्या खोलीला कुलूप होतं. त्या दिवशी केसपेपरही निघाला नाही, म्हणून दुसऱ्या खेट्याची नोंद कुठेच नाही.

मूग-उडदाच्या काढणीचे दोन रोज बुडाले होते. तिसऱ्यांदा ती आली नाही. मी आले असते का, माहीत नाही.

तेव्हा ते दोन शब्द खोडले.

आमच्या नोंदवहीत उपचार झालेल्यांची नावं असतात. परत गेलेल्यांचा रकाना नसतो. वर्षाच्या शेवटी अहवाल जातो की इतक्या मुलांना पाठवलं, त्यांतली इतकी आली. न आलेल्यांमध्ये न निघालेली आणि दारातून परतलेली अशी सगळी एकाच बेरजेत बसतात, आणि त्या बेरजेचं नाव ‘जनजागृतीचा अभाव’. मग भिंतीवर दात घासण्याचं आणखी एक चित्र रंगवलं जातं.

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना अमेरिकेतलं मेरीलँडचं २००७ चं प्रकरण हमखास शिकवलं जातं. बारा वर्षांच्या मुलाच्या दाताचा संसर्ग मेंदूपर्यंत गेला आणि तो दगावला. दात काढायला ८० डॉलर लागले असते, रुग्णालयाचा खर्च अडीच लाख डॉलरच्या वर गेला, हा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्यातली दुसरी गोष्ट मात्र मी शिकत असताना कुणी सांगितली नव्हती. त्या मुलाची आई त्याच काळात धाकट्या भावाचे सहा किडके दात पाहायला तयार असलेला दंतवैद्य शोधत होती. सरकारी विमा घेणारा कुणी सापडत नव्हता. ती घरी बसलेली नव्हती. त्या मृत्यूनंतर दोनच वर्षांत तिथल्या मुलांच्या सरकारी विम्यात दंतोपचार बंधनकारक झाले, हे खरं. पण ते होण्याआधी किती जणांनी त्या आईच्या फायलीवर दुर्लक्ष असं लिहिलं असेल, हा विचार मला त्या दुपारी आला.

पैशाचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. बायकांना एसटीत अर्धं तिकीट त्याच वर्षीच्या मार्चपासून, लेकरांना ते आधीपासूनच. म्हणजे ज्या अडचणीबद्दल आम्ही वर्षानुवर्षं बोलत आलो ती बरीचशी मिटली होती. फोनवर आईने पैशाचं विचारलंही नाही. तिने विचारलं, ‘किती खेटे घालावे लागतील?’

मधले महिने

टोळी नोव्हेंबरात गेली. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली. एक दिवस कामाला नाही गेलं की खाडा, आणि खाडा हिशोबातून कापला जातो. मुलगी आणि तिचा पाच-सहा वर्षांचा भाऊ आजीजवळ राहिले. आजी मुलांना सांभाळते आणि तीन शेळ्यांना. हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून शाळेत जेवण मिळतं, म्हणून मुलांची शाळा सुटत नाही. ही योजना चांगली आहे, मुलं फडावर जाण्यापेक्षा कितीतरी चांगली. पण तिच्यात जेवण आहे, वह्या आहेत, आणि दवाखान्यात न्यायला माणूस नाही.

सगळ्यांत आधी लक्षात आलं ते शाळेतल्या बाईंच्या. डिसेंबरात मुलगी मटकीची उसळ ताटात ठेवून द्यायला लागली. खिचडी मात्र पाणी घालून, न चावता गिळायची. बाईंनी आजीला निरोप दिला. आजीने तिला जो उपाय ठाऊक होता तो केला, दाढेला मिशेरी दाबली. मिशेरीने दुखणं थोडा वेळ बधिर होतं, हे खोटं नाही. तंबाखूच आहे ती. मुलगी मला म्हणाली की ती आता ‘सकाळी पण’ लावते. सात वर्षांच्या मुलीला तंबाखूची गोडी लागण्याची वाट आमच्या भागात अशी दुखऱ्या दाढेतून जाते, आणि याबद्दल मी कुठल्याही तंबाखूविरोधी पत्रकात एक ओळ वाचलेली नाही.

बाकी खाण्याचं नेहमीचंच. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी दुकानातली पाच रुपयांची पुडी, रात्री झोपताना पुन्हा चहात बुडवलेलं बिस्किट. दिवसाला किती साखर जाते यापेक्षा ती किती वेळा जाते हे दाताला जास्त कळतं. दर वेळी अर्धा तास आम्लाचा मारा होतो, आणि झोपेत लाळ कमी झालेली असताना तोच मारा लांबतो. ऊसतोड कामगाराच्या लेकीचे दात साखरेने किडले, यात कुणाला काव्य दिसत असेल तर दिसो. मला फक्त एवढं दिसतं की बिस्किट हे घरात सर्वांत लवकर तयार होणारं जेवण आहे.

एका खेट्यात

पुस्तकाप्रमाणे आणि आमच्या रोजच्या रिवाजाप्रमाणे मी काय करायला हवं होतं? अँटिबायोटिक द्यायचं, पाच दिवसांनी सूज उतरल्यावर बोलवायचं. दुसऱ्या खेट्याला दुधाची दाढ काढायची. तिसऱ्याला एक्स-रे आणि कायमच्या दाढेचा उपचार. चौथ्याला उरलेल्या तीन दाढा. पाचव्याला तपासणी. आजीच्या तीन शेळ्या कुणाकडे बांधायच्या हा प्रश्न पाच वेळा.

सूज असताना दात काढायचा नाही, हा रिवाज जितका पक्का आहे तितका त्यामागचा आधार पक्का नाही. पू ज्या दातातून येतो तो दात निघाला की पुवाला वाट मिळते. उपचार तोच आहे. औषध सोबतीला. अडचण एवढीच की सुजलेल्या जागी भूल कमी चढते. पण खालच्या दाढेची भूल सुजेच्या जागी द्यायची नसतेच. ती मागे, जबड्याच्या आतल्या बाजूला, नस जिथे हाडात शिरते तिथे द्यायची. १९ किलोच्या मुलीला २ टक्के लिग्नोकेनचे २ मिली म्हणजे ४० मिलिग्रॅम, सुरक्षित मर्यादेच्या निम्म्याच्या आत.

आणि त्या एका सुईने उजव्या बाजूची दुधाची दाढ आणि तिच्यामागची कायमची दाढ, दोन्ही बधिर होणार होत्या. हे लक्षात आल्यावर ठरवलं की जे होईल ते आजच.

आईकडून फोनवर होकार घेतला, स्पीकरवर, आशाताई साक्षीला. कागदावर आजीचा अंगठा. आजीची एकच शंका होती, दाढ काढल्यावर डोळ्याला धक्का बसतो का. म्हटलं, तुमच्या दोन काढल्या, सुईत दोरा ओवता का? ‘ववते की.’ झालं.

दाढ निघाली, पू निघाला, मुलगी रडली, पण दोन मिनिटंच. खड्ड्यावर कापूस दाबून धरला, रक्त थांबलं, आणि मग कायमच्या दाढेची पुढची भिंत, जी आजवर शेजारणीच्या आड लपली होती, समोर उघडी दिसली. कीड खोल होती. थंड कापूस लावून मी भूल देण्याआधीच पाहिलं होतं, कळ आली आणि लगेच गेली. म्हणजे आतली नस जिवंत आणि बहुधा बरी. या वयात हे फार मोलाचं असतं. सहाव्या दाताची मुळं नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत पूर्ण होतात. नस मेली तर मुळं अर्धवटच राहतात, आणि उघड्या टोकाच्या मुळांचं रूट कॅनाल आमच्या खुर्चीवर होत नाही.

म्हणून सगळी कीड काढायचा हट्ट केला नाही. कडेकडेची कीड हाताच्या हत्यारांनी पूर्ण खरवडली, नसेवरचा शेवटचा मऊ पापुद्रा मुद्दाम ठेवला, आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरून दाढ बंद केली. आत कोंडलेल्या जिवाणूंना साखर पोचत नाही, आणि नसेला स्वतःची भिंत जाड करायला वेळ मिळतो. वीस वर्षांपूर्वी मला शिकवलं होतं की मऊ काही शिल्लक ठेवायचं नाही. आज शिकवतात तेव्हा ठेवायला सांगतात, पण परीक्षक अजून तेच जुने असतात.

उरल्या तीन दुधाच्या दाढा. त्यांना सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावला. ३८ टक्के द्रावण, छोट्या ब्रशने लावायचं. ड्रिल नाही, सुई नाही. कीड थांबते, जागा काळी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं, आमच्या खरेदीच्या यादीत ते अजून नाही. ती बाटली मी माझ्या पैशाने आणून ठेवते. काळं पडेल म्हणून आजीची परवानगी घ्यायला गेले.

‘काळं?’ आजीने ओठ मागे ओढून आपले दात दाखवले. ‘मिशेरीनं आमचे काळेच हायेत की.’

सगळं मिळून पन्नास मिनिटं. औषध कसं पाजायचं ते आशाताईंनी समजून घेतलं. गालाला बाहेरून शेक द्यायचा नाही, नाहीतर पू बाहेरच्या कातडीकडे वाट काढतो, हे मी तीनदा सांगितलं. लेप पुसून टाकला. मिशेरीच्या डबीबद्दल आजीशी जे बोलले ते इथे लिहीत नाही, तिला राग आला होता. तिसऱ्या दिवशी आशाताईंनी गालाचा फोटो पाठवला. सूज उतरली होती. खेटा वाचला.

काय साधलं नाही

या दिवसाचं कौतुक मी स्वतःच करत बसले तर ते खोटं होईल. दुधाची दुसरी दाढ अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत जागा धरून ठेवते. ती साडेसाताव्या वर्षी काढली की मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. तिथे जागा राखणारी तारेची कडी बसवायची असते. त्यासाठी माप, प्रयोगशाळा आणि दुसरा खेटा लागतो. आमच्याकडे प्रयोगशाळा नाही. मी ती बसवली नाही.

मे महिन्यात टोळी परतल्यावर आई स्वतः मुलीला घेऊन आली. त्याआधी आशाताईंकरवी तिने विचारून घेतलं होतं, की खुर्ची चालू आहे ना आणि त्या दिवशी सुट्टी नाही ना. भरलेल्या सिमेंटची एक कड उडाली होती, ती नीट केली. एक्स-रेमध्ये मुळं वाढताना दिसली, टोकाशी काळं काही नाही. उजवीकडचा पिवळा थर गेला होता, मुलगी दोन्हीकडून चावत होती. पण रिकामी जागा दोन मिलिमीटर अरुंद झाली होती. मोजायच्या हत्याराच्या टोकाने मी तीनदा मोजली. तीनदाही तेवढीच भरली.

दाढ टिकेलच असंही नाही. नस पुढे बिघडली तर दुसरा मार्ग उरतो तो साधारण आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान, ठरवून, ती दाढ काढायचा. मागची सातवी दाढ हाडात योग्य अवस्थेत असेल तर ती पुढे येऊन सहावीची जागा घेते. वेळ चुकली तर फट राहते. हे आईला समजावताना मला भीती होती की ती म्हणेल, मग जानेवारीतच का नाही काढली? तिने ते विचारलं नाही. तिने धाकट्याला पुढे ढकललं.

‘ह्याचा सहावा बघा.’

तिने घरी मोजला होता. आजीने शिकवलं असणार. मुलगा सहा वर्षांचा, खालच्या दोन्ही पहिल्या दाढा अर्ध्या वर आलेल्या, खाचांत अजून कीड नाही. आठ मिनिटांत दोन्ही खाचा सिमेंटने बुजवल्या. पूर्ण वर आल्यावर पुन्हा कराव्या लागतील. फ्लोराइड असलेली पेस्ट, वाटाण्याएवढी, रात्री झोपताना मोठ्या माणसाने घासून द्यायची, आणि घासल्यावर चहा नाही. शेवटच्या अटीवर आई हसली.

आमच्या नोंदवहीत मी जूनपासून हाताने रेघ मारून एक रकाना वाढवला आहे, ‘परत पाठवले, कारण’. पहिल्या महिन्यात त्यात एकोणीस नावं आली, त्यांतली सात मुलं. वरिष्ठांनी विचारलं की हे नमुन्यात नसताना लिहिता कशाला. शाळा तपासणीच्या पथकाशी बोलून ज्या गावांतून टोळ्या जातात त्या गावांच्या शाळा जुलैतच घ्यायचं ठरलं, म्हणजे चिठ्ठी आणि दिवाळी यांच्यामध्ये निदान तीन महिने राहतील. चार शाळा तशा झाल्या, बाकीच्यांच्या वेळी गाडी दुसऱ्या तालुक्यात होती.

जागा राखणाऱ्या कडीसाठी मुलीला दंत महाविद्यालयात पाठवलं आहे. पहिल्या खेट्याला माप घेतलं. बसवण्याची तारीख नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली मिळाली. टोळी दिवाळीच्या मागोमाग निघते. तारीख अलीकडे आणावी म्हणून मी पत्र दिलं आहे, आणि आईने मुकादमाकडे दोन दिवस मागितले आहेत.